अर्धं पाऊल थांबायचं असतं

रग्बीत फुलबॅकच्या मागे कोणी नसतं. पुढे आपल्या चौदा जणी असतात आणि मागे फक्त गोलाचे खांब. समोरच्या संघातली एखादी मुलगी चेंडू छातीशी धरून सगळ्यांना चुकवून निघाली, की तिला पाडायचं काम एकटीचं. पाडलं तर कुणाच्या लक्षातही राहत नाही. सुटली तर सगळं मैदान आपल्याकडे बघतं. सिंगापूरला शिकायला आल्यापासून मी पावणेतीन वर्षं ही जागा खेळले. पाठीवर पंधरा नंबर होता.

कॉलेजच्या दिवसांबद्दल लिहायचं तर खरं म्हणजे अभ्यासाबद्दल लिहायला हवं. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, आणि तेही इतक्या लांब. पण लिहायला बसलं की मैदान आठवतं, आणि मैदानाबरोबर अकरा नंबर आठवते. अकरा नंबर म्हणजे माझी मैत्रीण. ती डाव्या कडेने पळायची. संघात आम्ही एकमेकींना नंबरानेच हाक मारायचो, इथेही मी तेच करणार आहे. तिचं नाव लिहायचा हक्क मला अजून आहे असं वाटत नाही.

मी कुर्डुवाडीची. माझे पप्पा रेल्वेत कीमन आहेत. रोज सकाळी खांद्यावर हातोडा आणि हातात लाल झेंडी घेऊन ते आपल्या वाट्याच्या रुळावरून चालत जातात आणि रूळ धरून ठेवणाऱ्या चाव्या तपासतात. एखादी सैल दिसली की ठोकून बसवायची, पुढे चालायचं. रेल्वेच्या मैदानावर मी सहावीपासून कबड्डी खेळले. माझी जागा डाव्या कोपऱ्यातली. चढाई करणारी मुलगी आत आली की मी वाट बघायची, आणि संधी मिळाली की खाली झेपावून तिचा घोटा पकडायची. बाकीच्या मग तिच्यावर पडायच्या. आमचे सर म्हणायचे, "हिच्या हातात घोटा आला की गाडी यार्डात लागली म्हणून समजा."

बारावीनंतर शिष्यवृत्ती मिळाली आणि मी इंजिनीअरिंगला इथे आले. क्लेमेंटीला एका मराठी काकूंच्या फ्लॅटमध्ये खोली घेतली. काका रॅफल्स प्लेसला एका बँकेत हिशेबनीस आहेत. काकूंनी पहिल्याच आठवड्यात माझ्या ढोपरांवरचे जुने व्रण बघितले आणि कपाळाला हात लावला.

"अगं, मुलगी आहेस की मोटारसायकल? इथे तरी जरा सांभाळून राहा."

मी हो म्हणाले, आणि दुसऱ्याच आठवड्यात रग्बीच्या निवड चाचणीला गेले. कबड्डी इथे नव्हती. कोणाच्या तरी पायाशी झेपावल्याशिवाय मला आठवडा गेल्यासारखा वाटायचा नाही, एवढंच कारण होतं. वर्गात मला काही बोलता येत नव्हतं. जिच्यासाठी बोलावं लागत नाही अशी एक गोष्ट मला हवी होती.

आमचे कोच अमेरिकन होते, साठीचे, कमरेतून थोडे वाकलेले. चाचणीत एक धिप्पाड मुलगी चेंडू घेऊन माझ्यावर आली. मी खाली गेले, घोटा पकडला, ती आडवी. तिच्यापेक्षा कोचच जास्त दचकले. त्यांनी शिट्टी वाजवली, मला बाजूला घेतलं आणि शांतपणे सांगितलं की इथे टॅकल खांद्याने करतात, मांडीवर, आणि डोकं पळणाऱ्याच्या मागच्या बाजूला ठेवतात. पायाच्या पुढे डोकं कधीच नाही. मी मान हलवली. पुढच्या वेळी खांद्याने करायला गेले तर ती मुलगी माझ्या अंगावरून निघून गेली. त्यापुढच्या वेळी मी पुन्हा घोट्यावर गेले. ती पुन्हा आडवी.

महिनाभर कोच माझ्याशी झगडले. शेवटी म्हणाले, "हे मी कुणालाही शिकवणार नाही. तू करतेस तेव्हा मात्र ते चालतं. का चालतं ते मला कळत नाही. कळेपर्यंत तू कर, पण दुसऱ्या कुणी करायचं नाही."

तेव्हाच त्यांनी आम्हा सगळ्यांना एक फोटो दाखवला होता. त्यांचे पणजोबा अमेरिकेतल्या कॉलेजात फुलबॅक होते. तो तिकडचा फुटबॉल, आणि अगदी सुरुवातीच्या काळातला. त्या खेळात फुलबॅक मागे उभा राहून वाट बघत नसे. तो चेंडू पोटाशी धरून, मान खाली घालून समोरच्या माणसांच्या भिंतीत घुसायचा. डोक्याला हेल्मेट नाही, फार तर कानांवर चामड्याची टोपी. फोटोत ते हाताची घडी घालून उभे होते, केस मधोमध भांग पाडलेले, नाक एका बाजूला वाकलेलं. चार वर्षं खेळले. गावच्या वर्तमानपत्रात त्यांच्यावर छापून यायचं, कॉलेजात लोक त्यांना बघायला वाट वाकडी करून यायचे. "आणि पंचेचाळिसाव्या वर्षी," कोच म्हणाले, "त्यांना दुकानातून घरी यायचा रस्ता सापडेनासा झाला. माझी आजी लहान होती, ती जाऊन त्यांना घेऊन यायची. घरात कोणी त्याचा संबंध खेळाशी जोडला नाही. मी जोडतो."

ते हे आम्हाला घाबरवायला सांगत होते. आम्ही मात्र फोटोच बघत राहिलो. अकरा नंबर माझ्या कानात म्हणाली, "काय दिसायचा ना, ला."

तिच्याशी मैत्री बसमध्ये झाली. तिचं घर आमच्यापासून पाच ब्लॉक सोडून. वडील नव्हते, आईचा हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या मंडईत, फिश सूपचा गाळा होता. ही फार्मसी शिकत होती, आणि तिच्याही घरात युनिव्हर्सिटीत गेलेली ती पहिलीच. हे तिने मला तिसऱ्या-चौथ्या भेटीत सांगितलं, जरा खाली बघून. मी म्हणाले, "मी पण." वर्गात प्राध्यापकांना प्रश्न कसा विचारायचा, ईमेलची सुरुवात काय करायची, सुट्टीत बाकीच्या मुली कंपन्यांत कामाला जातात ते कोणाला विचारून, असल्या गोष्टी आम्ही एकमेकींना विचारायचो. दोघींनाही माहीत नसायचं. पण दोघींना माहीत नसलं की लाज निम्मी होते. ती माझ्याशी इंग्रजीतच बोलायची. इथे मी ते मराठीत लिहितेय, फक्त तिचा 'ला', इथले लोक वाक्याच्या शेवटी लावतात तो, तसाच ठेवतेय.

कबड्डी कशी असते ते मी तिला एकदा बसमध्ये समजावलं. बाद झालेली खेळाडू बाहेर बसते आणि आपल्या संघाला गुण मिळाला की परत जिवंत होऊन आत येते, हे ऐकून ती इतकी हसली की पुढच्या सीटवरचे आजोबा वळून बघायला लागले.

"म्हणजे मेलेली माणसं रांगेत बसतात?"

"हो. जी आधी मेली ती आधी उठते."

"हे बरंय ला. सिंगापूरसारखं. मेल्यावरही रांग."

तिची आई, मी त्यांना आंटी म्हणायचे, गाळ्यावरून मला लांबूनच ओळखायच्या. मोजकं इंग्रजी बोलायच्या. "इंडियन गर्ल, ईट!" एवढं ओरडायच्या आणि वाडग्यात माशाचे दोन तुकडे जास्त टाकायच्या. मुलीची डिग्री झाली की गाळा बंद करायचा, हे त्यांनी आजूबाजूच्या सगळ्या गाळेवाल्यांना सांगून ठेवलं होतं. पहाटेपासून बर्फातला मासा कापून त्यांची बोटं वाकडी झाली होती.

तिसऱ्या वर्षी अकरा नंबर संघातून बाहेर बसायला लागली. ती वेगवान होती, पण वजनाने हलकी. मोठ्या मुली तिच्या हातातून सुटून जायच्या. दोन सामने बाकावर बसल्यावर एका रविवारी सकाळी तिने मला फोन केला.

"फिफ्टीन, तुझं ते शिकव."

"कोच नाही म्हणालेत."

"कोच तुला पण नाहीच म्हणाले होते."

मी नको म्हणायला हवं होतं. मी म्हणाले, "खाली ये."

आमच्या ब्लॉकच्या कारपार्कमागे गवताचा एक तुकडा होता. तिथे आम्ही सहा रविवार सराव केला. मी पळत यायची, ती खाली जायची. हात कुठे, बोटं एकमेकांत कशी अडकवायची, ओढायचं कुठल्या दिशेला, खाली जाताना नजर कुठे, हे सगळं मी तिला शिकवलं. मला शिकवता येतंय याचंच मला इतकं अप्रूप वाटत होतं. इथे येऊन दोन वर्षं झाली होती आणि प्रत्येक गोष्ट मी दुसऱ्यांकडून शिकत होते. पहिल्यांदाच माझ्याकडचं काही कुणाला हवं होतं. मी सावकाश पळायचे, म्हणून तिला जमायचं. सहाव्या रविवारी तिने मला सलग पाच वेळा पाडलं आणि गवतावर हात पसरून पडून राहिली.

"आता बघ," ती म्हणाली. "आता बाकावर कोण बसतंय बघ."

सामन्याच्या दिवशी वीज पडण्याचा इशारा देणारा भोंगा वाजला म्हणून खेळ अर्धा तास थांबला होता. परत सुरू झाला तेव्हा मैदान ओलं होतं. शेवटच्या वीस मिनिटांसाठी कोचनी तिला आत घेतलं. थोड्याच वेळात समोरच्या संघातली एक उंच मुलगी डाव्या कडेने निघाली, सरळ अकरा नंबरच्या अंगावर. मी मागे होते, पंधरा-वीस पावलांवर. मी बघितलं की ती खाली जातेय. हात बरोबर होते. नजर बरोबर होती. मग त्या मुलीचा गुडघा तिच्या कपाळाच्या बाजूला लागला. तो आवाज कसा होता ते मी लिहिणार नाही.

ती उंच मुलगी पडली नाही. पुढे माझ्याकडे आली. मी तिला पाडलं. हेही लिहिलं पाहिजे, कारण ते खरं आहे. मी आधी तिला पाडलं, मग मागे वळून पळाले.

मैदानाच्या कडेला फिजिओ तिला महिने उलटे म्हणायला सांगत होती. ती "डिसेंबर, नोव्हेंबर" म्हणाली आणि थांबली. मग विचारलं, "जिंकलो का?" फिजिओ म्हणाली, अजून चालू आहे. तिने पुन्हा डिसेंबर म्हटलं आणि पुन्हा विचारलं, "जिंकलो का?" चौथ्यांदा विचारलं तेव्हा मी म्हणाले, "हो, जिंकलो." आम्ही हरत होतो.

हॉस्पिटलमधून तिला तीन दिवसांनी घरी सोडलं. डोळ्यांना उजेड सहन होत नव्हता. स्क्रीन बघितली की उलटी व्हायची. डॉक्टर म्हणाले, बरं व्हायला किती दिवस लागतील ते सांगता येत नाही. परीक्षेला सहा आठवडे होते. परीक्षा चुकली तर पुढची प्रत्यक्ष कामाची फेरी चुकणार, ती वर्षातून एकदाच असते, म्हणजे पूर्ण वर्ष गेलं. पडदे लावलेल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून तिने मला हे सांगितलं.

"एक वर्षच तर आहे," मी म्हणाले.

"तुला कळत नाहीये. एक वर्ष मी घरी बसले तर मी गाळ्यावर उभी राहणार. एकदा गाळ्यावर उभी राहिले की मी परत जाणार नाही. मला मी माहितीये ला."

डॉक्टरांनी वाचायला बंदी केली होती. डोकं दुखेपर्यंत ऐकायला मात्र हरकत नाही म्हणाले होते. म्हणून मी वाचायचं ठरवलं. रोज संध्याकाळी मी तिच्या खोलीत जमिनीवर बसून, फोनचा उजेड अगदी कमी करून, फार्मसीचे धडे मोठ्याने वाचायला लागले. औषधं शरीरात कशी जातात, यकृतात त्यांचं काय होतं, मूत्रपिंडातून कशी बाहेर पडतात. मला त्यातलं काही कळत नव्हतं. उच्चार चुकला की ती भिंतीकडे बघतच दुरुस्त करायची. पहिल्या आठवड्यात दहा मिनिटं, मग वीस, मग चाळीस. चौथ्या आठवड्यात तिने कूस बदलून माझ्याकडे तोंड केलं. ती पास होईल असं मला वाटायला लागलं होतं.

तिला मी शिकवलं हे तिने कोणालाच सांगितलं नव्हतं. हॉस्पिटलमध्ये कोचनी विचारलं तेव्हा म्हणाली, फोनवर व्हिडिओ बघितला. आईलाही तेच सांगितलं. मला म्हणाली, "परीक्षा होईपर्यंत आईला काही सांगू नकोस. आत्ता घरात भांडण नको. नंतर काय सांगायचं ते सांग."

मी हो म्हणाले.

त्याच सुमारास कोचनी मला बोलावलं आणि लॅपटॉपवर दोन व्हिडिओ दाखवले. एक तिचा, एक माझा. ते एक-एक चित्र पुढे सरकवत होते.

"मला आता कळलं," ते म्हणाले. "बघ. तू थांबतेस."

मला दिसेना. त्यांनी परत लावलं. पळणारी मुलगी माझ्यापर्यंत येते, आणि मी खाली जायच्या आधी अर्धं पाऊल थांबते. ती माझ्या रेषेतून किंचित पुढे निघून जाते, मग मी तिच्या मागून घोट्यावर जाते. डोकं गुडघ्याच्या मागे राहतं. प्रत्येक वेळी. कबड्डीत कोपऱ्यातली खेळाडू हेच करते. चढाई करणारी परत वळेपर्यंत थांबायचं, तिची पाठ झाली की जायचं. सहावीपासून मी ते इतक्या वेळा केलं होतं की मी थांबते हे मलाच माहीत नव्हतं. जे मला माहीत होतं ते सगळं मी तिला शिकवलं. जे माहीत नव्हतं तेच तिला वाचवणारं होतं.

दुसऱ्या व्हिडिओत ती थांबत नव्हती.

"तिला मी शिकवलं," मी म्हणाले.

कोचनी व्हिडिओ थांबवला. मग म्हणाले, "अहवालात मला एवढंच लिहावं लागेल की सरावाबाहेर शिकली. कोणी शिकवलं ते लिहिणं गरजेचं नाही. बाकी काय करायचं ते तू ठरव." त्यांनी लॅपटॉप बंद केला. रागावले असते तर बरं झालं असतं.

त्यानंतरचे दिवस मला वाईट गेले. रोज संध्याकाळी वाचून झालं की आंटी मला गाळ्यावर यायला सांगायच्या, आणि समोर उभ्या राहून खायला लावायच्या. "यू गुड फ्रेंड," म्हणायच्या. वाडग्यात आता दोन नाही, चार तुकडे जास्त असायचे. मला गिळवायचं नाही. मी घरी जाऊन काकूंच्या बाथरूममध्ये उलटी करायचे. काकूंना वाटलं माझं पोट बिघडलंय, त्यांनी मऊ भात करून घातला. तोही गिळेना.

लहानपणापासून मी पप्पांचं काम बघत आलेय. रुळावर काही मोडलेलं दिसलं तर ते लपवत नाहीत, पुढच्या माणसावर सोडत नाहीत. लगेच कळवतात. मला वाटलं, मीही तेच करायला हवं. परीक्षेला दहा दिवस राहिले होते. दुपारी तीनची वेळ, हॉकर सेंटर रिकामं. आंटी एकट्याच टोफू कापत बसल्या होत्या.

"आंटी, ती पकड मी शिकवली."

त्यांना कळलं नाही. "वॉट?"

"ज्यात तिला लागलं ते. टॅकल. मी शिकवलं."

तरी कळेना. मग मी एक गोष्ट केली, ती आठवली की अजून अंगावर काटा येतो. मी गाळ्याच्या बाजूने आत गेले आणि ओल्या फरशीवर वाकून त्यांच्या घोट्याकडे हात नेऊन दाखवलं. त्यांनी पाय झटकन मागे घेतला. त्यांच्या रबरी बुटांवर माशाचे खवले चिकटलेले होते. मी खाली होते आणि त्या वरून बघत होत्या, आणि त्यांना कळलं हे मला त्यांच्या पायांवरूनच समजलं.

"शी से फोन. शी से व्हिडिओ."

"ती माझ्यासाठी खोटं बोलली."

"एव्हरी डे यू ईट माय सूप."

"हो."

त्यांनी सुरी खाली ठेवली, टोफूवर ओलं फडकं टाकलं. "गो होम," त्या म्हणाल्या. आवाज मोठा नव्हता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी नेहमीसारखी गेले. आंटी लोखंडी जाळीच्या दाराआड उभ्या होत्या. "स्लीपिंग." तिसऱ्या दिवशीही स्लीपिंग. आतून मला अकरा नंबरचा आवाज ऐकू आला, आईशी चिनीत भांडत होती, मग एकदम थांबली. डोकं दुखायला लागलं की ती अशीच मध्येच थांबायची. चौथ्या दिवशी दार उघडलंच नाही. दुसरं वाचून दाखवणारं तिच्याकडे कोणी नव्हतं. तिच्या वर्गातल्या मुली स्वतःच्या अभ्यासात होत्या, आणि त्यांना ती सांगणार नव्हती. आम्ही दोघी तशा बाबतीत सारख्याच.

पाचव्या दिवशी तिचा आवाजी मेसेज आला. टाइप करायला तिला अजून जमत नव्हतं.

"दहा दिवस, फिफ्टीन. फक्त दहा दिवस, ला. तुला थांबता आलं नाही?"

मी राहिलेले धडे फोनवर वाचून रेकॉर्ड केले आणि पाठवले. एकेक तासाच्या सोळा फायली. ती परीक्षेला बसली नाही.

त्या रविवारी पप्पांचा फोन आला. माझा आवाज ऐकून ते म्हणाले, "काय झालं, बाळा?" मी सगळं सांगितलं. शेवटी मी म्हणाले, "तुम्ही नाही का चावी सैल दिसली की लगेच कळवत? मी तेच केलं."

पप्पांच्या मागे गाडी जात होती, ती त्यांनी जाऊ दिली.

"आधी ठोकून बसवायची असते, बाळा. मग कळवायचं. सैल चावी तशीच सोडून कळवायला पळालं तर मधल्या वेळात गाडी येते."

त्यांना मला दुखवायचं नव्हतं. ते फक्त काम कसं करतात ते सांगत होते.

मी आणखी एक सामना खेळले. कोच म्हणाले खेळ, म्हणून. दुसऱ्या अर्ध्यात समोरच्या संघातली एक मुलगी सुटली आणि माझ्याकडे आली. मी मनात म्हणाले, आता अर्धं पाऊल थांब. आणि थांबले. किती थांबायचं ते मला कळेना. ती माझ्या बाजूने निघून गेली आणि खांबांमध्ये चेंडू टेकवला. माझ्या अंगातली ती सवय, माहीत झाल्यावर, निघून गेली होती. सामना संपल्यावर मी पंधरा नंबरचा शर्ट धुऊन, घडी घालून कोचच्या टेबलावर ठेवला. त्यांनी परत घे म्हटलं नाही.

आता माझं शेवटचं सत्र चालू आहे. अकरा नंबर परत आली नाही. वर्ष झालं, दुसरं सुरू झालं. मी कबड्डीची, म्हणून असेल, बरेच दिवस मला वाटत होतं की तिची पाळी येईल आणि ती उठून आत येईल. ती युनिव्हर्सिटीतून नाव काढून आली हे मला तिने नाही, बसमध्ये भेटलेल्या दुसऱ्या एका मुलीने सांगितलं.

मागच्या महिन्यात मी त्या हॉकर सेंटरमध्ये गेले. इतके दिवस मी लांबच्या रस्त्याने जात होते. गाळ्यावर ती उभी होती. ट्यूबलाइटचा त्रास होतो म्हणून टोपी डोळ्यांवर ओढलेली. आंटी मागे स्टुलावर बसून पालेभाजी निवडत होत्या. त्यांनी मला बघितलं आणि पुन्हा भाजीकडे बघायला लागल्या.

माझ्या पुढे दोन माणसं होती. ती गेली.

"काय देऊ?" तिने विचारलं. मग टोपी जरा वर केली. "अरे. फिफ्टीन."

"कशी आहेस?"

"उभी आहे." तिने वाडगा घेतला. "तू?"

"परीक्षा आहे पुढच्या आठवड्यात."

"हं."

मासा सुपात सोडून ती वाफेकडे बघत होती. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुझ्या फायली ऐकते मी. सकाळी मासा कापताना. तू 'मेटाबोलाइट' अजून चुकीचं म्हणतेस."

"कितवीपर्यंत आलीस?"

"सोळाही झाल्या. दोनदा." तिने चमच्याने फेस काढला. "ऐकताना सगळं कळतं. कापून झालं, हात धुतले, की काही राहत नाही ला. एक शब्द राहत नाही. म्हणून परत लावते."

तिने वाडगा पुढे सरकवला. त्यात माशाचे तुकडे बरोबर मोजून होते, पाटीवर चित्रात दाखवलेत तेवढेच. मी दोन्ही हातांनी वाडगा घेतला. मला सॉरी म्हणायचं होतं, ते मी आधी मेसेजमध्ये कितीतरी वेळा म्हटलं होतं. मी काही म्हणायच्या आधी माझ्या मागून कुणीतरी पुढे सरकलं. तिने टोपी परत डोळ्यांवर ओढली आणि माझ्या खांद्यावरून त्या माणसाला विचारलं, "काय देऊ?"